साडेदहा नंबर

खोका उघडला तेव्हा कातड्याला अजून दुकानाचा वास होता.
पातळ कागदात झोपवलेले बूट,
तळव्याला साधा ओरखडा नाही.
आणणारा पोरगा विशीतला, गळ्यात बिल्ला, हातात दोन फोन.
म्हणाला, "मिस्टर टेश, हे जुने करून द्या.
गुरुवारपर्यंत.
फार जुने नकोत. कष्टाळू दिसतील इतपत."

ऑटम्वा गावात एकेचाळीस वर्षं
मी जुन्याचं नवं करत आलो.
उलटं काम पहिल्यांदाच आलं.

बूट थॅडियस लॉरिंग यांचे. लॉरिंग तिसरे,
राजांना लावतात तसा आकडा.
पणजोबांची रेल्वे, आजोबांची बँक,
वडिलांचं एक बेट, जे नकाशात सापडत नाही.
आता त्यांना राष्ट्राध्यक्ष व्हायचंय
आणि त्याआधी, तीन आठवडे,
आयोवातला माणूस.

कानस लावून पाहिली. खोटं दिसलं.
झिजणं म्हणजे घासणं नव्हे, हे त्या पोराला काय सांगू?
झीज एका बाजूने येते, तिला कारण लागतं.
टपाल वाटणाऱ्या अर्लीनचा डावा चवडा आधी जातो,
शाळेची फरशी पुसणाऱ्या मिगेलची बोटांकडची शिवण.
तोंडं विसरतो मी. टाचा नाही.

मग आत छापलेला नंबर पाहिला.
साडेदहा.
माझाच.

तीन दिवस ते घालून फिरलो.
वेल्डाला डायलिसिसला नेलं, आणलं, पुन्हा नेलं.
विम्याच्या कचेरीत रांगेत उभा राहिलो, खिडकी बंद होईपर्यंत.
बँकेचे उंबरठे झिजवले, म्हणजे
झिजले ते बूटच,
उंबरठे तिथे ग्रॅनाइटचे आहेत.
बंद पडलेल्या मांसाच्या कारखान्यापर्यंतही गेलो, उगाच,
जिथे एकविसाव्या वर्षी
आकड्यावरून सुटलेलं अर्धं डुक्कर
माझ्या उजव्या गुडघ्यावर आलं होतं.
तेव्हापासून माझी उजवी टाच आतून जाते.

गुरुवारी पोरगा खूश.
तीनशे डॉलर, रोख. पावती मागितली नाही.

शनिवारी टीव्हीवर लॉरिंग गवताच्या गठ्ठ्यावर बसलेले,
तळवा कॅमेऱ्यापुढे धरलेला.
"तुमच्या दारोदार फिरून झिजलेत हे."
टाळ्या.
मी पाहत होतो माझं लंगडणं,
दुसऱ्याच्या पायात, इतक्या मोठ्या पडद्यावर.
"हा माणूस चाललेला दिसतो," वेल्डा रजईतून म्हणाली,
"बूट बघ की त्याचे."
मी गप्प बसलो.
तिच्या उशाशी त्याच तीनशेतून आणलेल्या बाटल्या.

एक मात्र झालं. गठ्ठ्यावरून उतरताना
लॉरिंग किंचित उजवीकडे कलले.
बूट नेईल तिकडे पाय जातो,
आठवडाभरात गुडघा बोलायला लागेल.
हे मनात आलं आणि बरं वाटलं,
मग लाज वाटली,
मग पुन्हा थोडं बरं वाटलं.

सोमवारी रात्री शाळेच्या जिममध्ये निवड.
आमच्या पक्षात त्या रात्री चिठ्ठी नाही, पेटी नाही,
ज्याला मत, त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं.
मत पायांनी द्यायचं.
वेल्डा वॉकर ढकलत लॉरिंगच्या फलकाखाली गेली,
अर्लीन आधीच तिथे होती, मिगेल तिच्यासाठी खुर्ची आणत होता.
मी बास्केटबॉलच्या रेघेवर.
मोजणारी बाई ओरडली, "ऑरव्हिल, कुठलातरी कोपरा धर!"

खाली पाहिलं.
लाकडी फरशीवर बर्फाचं पाणी, त्यात ठसेच ठसे,
कुठला कुणाचा, मी डोळे बारीक करून सांगू शकतो.
त्या कोपऱ्याकडे गेलेले
सगळे ठसे खरे होते.

बाईने पुन्हा हाक मारली.